वाचक विचारतात: शनिवार-रविवार नाशिकच्या वायनरी बघायच्यात, कसं जमवायचं?

थंडी पडायला लागली की नाशिकच्या वायनरींबद्दल पत्रं यायला लागतात, यंदा तर ढीगच आलाय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून त्यातले निवडक घेतलेत. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरात द्राक्षबाग, त्यामुळे हा विषय निघाला की माझं थोडं लांबतं, तेवढं चालवून घ्या.

नमस्कार ताई, आम्ही दोन जोडपी डोंबिवलीहून निघणार, जानेवारीच्या शेवटी शनिवार-रविवार. मी यादी केलीये: सुला, यॉर्क, सोमा, मग दिंडोरीकडची शँडन, विंचूरकडच्या एकदोन आणि येताना ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने. दोन दिवसांत एवढं बसेल ना? गाडी आमचीच आहे. आमच्यातला एक जण अजिबात पीत नाही, त्याला कंटाळा येईल का तेही सांगा. – एक वाचक, डोंबिवली

नाही बसणार, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. यादी अर्ध्यावर आणा, दिवसाला दोन वायनरी, बस. एका ठिकाणी टूर, टेस्टिंग आणि जरा निवांत बसणं धरलं तर दोन-अडीच तास सहज जातात, त्यात जेवण केलं तर अर्धा दिवस गेला. आणि दुसरं म्हणजे तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जिभेला काही कळेनासं होतं, चांगली वाईन आणि बरी वाईन सगळं एकच लागतं, मग पैसे देऊन नुसतं पीत बसायचं, ते तर घरीही होतं.

आता दिशा समजून घ्या कारण बाहेरून येणाऱ्यांचा इथंच घोळ होतो. नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर ओळीने उभ्या नाहीत. सुला, यॉर्क, सोमा या शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला, एकमेकींच्या जवळ. दिंडोरी उत्तरेला. निफाड-विंचूर पूर्वेला, विंचूरला एमआयडीसीचं वाईन पार्क आहे ते तिकडंच. आणि ग्रोव्हर झाम्पा, व्हॅलोने या इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनईकडे, म्हणजे तुमच्या मुंबईच्या वाटेवर. चारही दिशा दोन दिवसांत करायच्या म्हणजे नाशिक शहराचे सिग्नल मोजत बसाल.

म्हणून मी असं सांगेन. शनिवारी सहाच्या आत घर सोडा. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला खुला झाला, तो तुम्हाला भिवंडीजवळून धरता येतो, टोल जातो पण कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगा टळतात. नाशिकला येऊन आधी मिसळ खा, साधनाची चुलीवरची खा किंवा जिथं गर्दी कमी दिसेल तिथं खा, नाशिकमध्ये मिसळीला वाईट जागा शोधावी लागते. पोटात काहीतरी पडल्याशिवाय टेस्टिंगला जायचं नाही हा नियमच समजा. मग अकराच्या सुमाराला सुला. दुपारनंतर शनिवारी तिथं जत्रा असते, सकाळी टूर शांतपणे होते आणि सांगणाऱ्यालाही तुमच्या प्रश्नांना वेळ असतो. संध्याकाळी यॉर्क, ते सुलाच्या अगदी जवळ आहे आणि २०२१ पासून सुलाच्याच मालकीचं आहे, पण जागेचा स्वभाव वेगळा, गच्चीवरून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं, सूर्यास्ताच्या आधी तासभर पोचा.

रविवारी आरामात उठा, हॉटेल सोडा आणि परतीच्या वाटेवर कावनईकडची व्हॅलोने करा, दोघींतली लहान ती. आदल्या आठवड्यात फोन करून वेळ ठरवा, तिकडे न सांगता टपकलात तर टूर होईलच असं नाही. मी हे मुद्दाम असं जोडून देतेय: एक मोठी वायनरी आणि एक लहान. मोठीत तुम्हाला हा धंदा केवढा झालाय ते दिसतं. सुलाचे राजीव समंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले आणि जिथं तेव्हा नुसतं गवत होतं तिथं वाईनची द्राक्षं लावली, कंपनीला आईच्या सुलभा या नावावरून नाव दिलं, २००० साली पहिली वाईन बाजारात आली आणि २०२२ च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात गेली. लहान वायनरीत हे सगळं नसतं, पण टाक्या मोजक्या असतात, माणसं मोजकी असतात, आणि यंदा पाऊस कधी आला, कुठली बॅच कशी झाली असं खरंखुरं बोलणं होतं. दोन्ही बघितल्याशिवाय नाशिकची वाईन बघितली असं मी म्हणणार नाही.

एक तारीख मात्र बघून घ्या. २६ जानेवारी ड्राय डे असतो. तो शनिवार-रविवारला लागून आला की सगळे लाँग वीकेंड म्हणून बुकिंग करतात, आणि वायनरीत आल्यावर कळतं की आज टेस्टिंग नाही, बाटली विकतही मिळणार नाही. निवडणुकीच्या दिवसांतही तसंच. बुकिंगच्या आधी कॅलेंडर काढा.

आणि तुमच्या न पिणाऱ्या मित्राबद्दल. त्याला कंटाळा येणार नाही, बाग आहे, टूर आहे, जेवण चांगलं असतं, जानेवारीअखेर म्हणजे तोडणीचा काळ. पण दरवेळी काय होतं, जो पीत नाही त्याच्याच हातात स्टिअरिंग देऊन बाकीचे मोकळे होतात, दोन दिवस तो बिचारा ड्रायव्हर. त्याला आधी विचारा. नसेल करायचं तर दिवसभरासाठी ड्रायव्हर घ्या, चौघांत वाटला तर फार पडत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, टेस्टिंगचे पाचसहा घोट आणि जेवणाबरोबर एक ग्लास एवढ्यात ती कधी ओलांडली ते कळत नाही. पहिल्यांदा सापडलात तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा, रविवारी संध्याकाळची परतीची गर्दी आणि त्यात थोडी घेतलेला माणूस गाडी चालवतोय, हे चित्रच मला सहन होत नाही. यावर मी अजिबात ऐकून घेणार नाही.

ताई, आम्हा नवराबायकोला वाईनमधलं काहीही कळत नाही. टेस्टिंगला गेलो आणि लोकांसमोर हसं झालं तर? ग्लास कसा धरायचा, काय बोलायचं, आणि आवडली नाही तर संपवावीच लागते का? – एक वाचक, सातारा

काही कळत नसेल तर उलट चांगलं, कारण टेस्टिंग त्याचसाठी असतं. तिथं येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच आलेले असतात, आणि देणारा माणूस दिवसभर तेच तेच समजावत असतो, त्याला तुमच्या प्रश्नांची सवय आहे.

ग्लास दांडीला धरा, वरच्या गोलाला नको, हाताच्या उबेने वाईन गरम होते एवढंच कारण. आधी रंग बघा, मग ग्लास टेबलावर ठेवूनच जरा गोल फिरवा म्हणजे वास वर येतो, मग नाक घालून वास घ्या, लाजू नका. घोट घेतला की लगेच गिळू नका, तोंडात सगळीकडे फिरू द्या. शेनिन ब्लाँक या पांढऱ्या वाईनमध्ये तुम्हाला पेरू, अननस असं काहीतरी वाटेल, सोव्हिन्यों ब्लाँक या दुसऱ्या पांढरीत हिरवी मिरची, कापलेलं गवत, शिराझ या लाल वाईनमध्ये काळी मिरी. कुणी म्हणेल मला चिंच लागली, तर ते बरोबरच आहे, तुमच्या जिभेला जे लागलं ते लागलं. जीभ कोरडी पडून गालाच्या आतून ओढल्यासारखं झालं तर ते द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन, लाल वाईनमध्ये ते असतंच, वाईन खराब आहे असं नाही.

संपवायची अजिबात गरज नाही. टेबलावर ओतायला भांडं असतं, थुंकायलाही तेच, आणि त्यात काही वाईट दिसत नाही, या धंद्यातली माणसं दिवसभर तेच करतात. क्रम साधारण असा असतो की आधी पांढऱ्या, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, आणि गोड असेल ती शेवटी. मध्ये पाणी पीत राहा. एक विनंती, त्या दिवशी भारीतलं सेंट किंवा अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्यालाही वास कळत नाही मग.

सुरुवातीला बहुतेकांना शेनिन ब्लाँक आवडते, जरा गोडसर असते म्हणून, तिला काही जण कमी लेखतात पण आपल्या तिखट जेवणाबरोबर तीच जमते. कोरडी, टॅनिनवाली लाल वाईन आणि झणझणीत रस्सा एकत्र घेऊन बघा, तोंडाची आग होते नुसती. आणि स्पार्कलिंगबरोबर साबुदाणा वडा! हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तळणीचा तेलकटपणा ते बुडबुडे असे काही कापतात की विचारू नका.

आधार कार्ड जवळ ठेवा. महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात आणि तरुण दिसत असाल तर विचारतात.

ताई, मला सिझनचं नीट कळत नाहीये. कोणी म्हणतं फेब्रुवारीत जा, कोणी म्हणतं पावसाळ्यात नाशिक सुंदर दिसतं. आम्हाला झाडावर द्राक्षं बघायचीच आहेत, मुलगी फोटोग्राफी करते. जुलैत गेलो तर दिसतील का? – एक वाचक, कोल्हापूर

जुलैत हिरवागार वेल दिसेल, डोंगर दिसतील, धबधबे दिसतील, पण द्राक्षाचा एक मणी दिसणार नाही.

युरोपात थंडीत वेल झोपतो, बर्फ पडतो, पानं गळतात, वसंतात पुन्हा उठतो, वर्षाला एकदा छाटणी. आपल्याकडे वेलाला झोप लागण्याएवढी थंडीच पडत नाही, तो बाराही महिने वाढायला बघतो, म्हणून आपला शेतकरी वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला. त्यानंतर पावसाळाभर वेल नुसता वाढतो, फळ नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. गोडी छाटणी झाल्यावर पंधरा-वीस दिवस बाग इतकी उघडी दिसते की बाहेरच्या माणसाला वाटतं वाळली, आणि मग डोळे फुटतात. नोव्हेंबरात फुलोरा आणि बारीक मणी, डिसेंबर-जानेवारीत मण्यांत पाणी उतरतं, काळ्या जातींना रंग चढतो, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. पावसाळ्यात फळ धरलं तर रोगाने आणि पाण्याने सगळं जाईल, म्हणून हे चक्र असं बसवलेलं आहे. दिवसा ऊन, रात्री थंडी असा इथला हिवाळा, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंची आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन, यावर नाशिकची वाईन उभी आहे.

तेव्हा फोटोसाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. पांढऱ्या जाती आधी तोडतात, लाल मागून, फेब्रुवारीच्या मध्यावर गेलात तर लाल द्राक्षं वेलावर असण्याची शक्यता चांगली. मुलीला म्हणावं पहाटे उठ. वाईनची द्राक्षं उन्हं चढायच्या आत तोडतात, गरम झालेली द्राक्षं वायनरीत गेली तर रस आधीच बिघडायला लागतो. डोक्याला टॉर्च लावलेल्या बायका, हातात छोटी कात्री, भराभर भरणारे क्रेट, आणि धुकं असेल तर काय बोलायचं. पण परवानगी काढून, आणि काम करणाऱ्या बायकांना विचारून फोटो काढा, त्यांना रोजचं काम उरकायचं असतं.

आणि वायनरीवाल्यांना विचारून वाईनच्या द्राक्षाचा एक मणी खाऊन बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. आपण थॉम्पसन, सोनाका खाणारी माणसं, लांबडा मणी, पातळ साल, बी नाही, कुरकुरीत. शिराझचा मणी त्याच्या निम्माही नसतो, गोलसर, साल जाड, चावल्यावर दोनतीन बिया दाताखाली येतात आणि गर म्हणावा तर थोडासाच. पण गोड किती! खायच्या द्राक्षात साखर साधारण १६ ते १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) असली की तोडतात, वाईनचं द्राक्ष २२-२४ पर्यंत वेलावर ठेवतात, कारण त्या साखरेचीच पुढे अल्कोहोल होते. मग साल चावत राहा, जीभ कोरडी पडेल आणि बोटं जांभळी होतील. लाल वाईनचा रंग, ओढ, सगळं त्या सालीत आहे, म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि पांढरीला आधी रस काढून घेतात. टूरवर स्टीलच्या टाक्यांसमोर अर्धा तास ऐकून जे डोक्यात शिरत नाही ते त्या एका मण्यात कळतं. मात्र स्वतःहून तोडून खाऊ नका, फवारणी कधी झालीये ते तुम्हाला माहीत नसतं, आणि ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे. तोडणीच्या तोंडावर एक अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर काय होतं ते आमच्या घराने बघितलंय, त्यामुळे कुणी गंमत म्हणून घड ओढला की माझा जीव खालीवर होतो.

द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी याच काळात असतो, मुलांना फार आवडतो. त्यातून वाईन करत नाहीत, ती मजा म्हणूनच असते.

ताई, आम्ही पुण्याहून जाणार, बरोबर सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. सासूबाईंना त्र्यंबकेश्वर करायचंय, नवऱ्याला वायनरी. सासूबाईंना वायनरीत नेणं बरं दिसेल का, त्या काही बोलणार नाहीत पण मनात राहील. – एक वाचक, पुणे

आधी त्यांना सरळ सांगा की जायचंय ती जागा काय आहे. "एक बाग बघायला जाऊ" असं म्हणून नेलं आणि तिथं ग्लास दिसले तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि ते खरंच मनात राहील. सांगितलंत तर कदाचित त्या म्हणतील जा तुम्ही, मी हॉटेलवर पडते, किंवा म्हणतील चला मीही बघते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी आजीबाई वायनरीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवून, बागेच्या कडेने फिरून खूश होऊन आल्यात, शेतीतल्या असतील तर त्यांचे प्रश्न सगळ्यात चांगले असतात.

क्रम असा ठेवा. शनिवारचा अख्खा दिवस प्रवासात गेला असं धरा, पुणे-नाशिक २१० किलोमीटरच आहे पण चाकण सुटेपर्यंत काही खरं नाही, पहाटे निघालात तर वाचाल. संध्याकाळी पंचवटी, रामकुंड, सासूबाईंच्या मनासारखं होऊ द्या. रविवारी पहाटे त्र्यंबकला निघा, नाशिकहून तीसेक किलोमीटर, लवकर गेलं की दर्शन बरं होतं. तिथून येताना गंगापूर धरणाच्या बाजूने या आणि दुपारी वायनरीत जेवण. आधी देव मग वायनरी, हा क्रम उलटा करू नका, पिऊन देवळात जाणं त्यांना चालणार नाही आणि मलाही बरं वाटत नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, २०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला गर्दी आणि रस्त्यांची कामं दोन्ही धरून चला, पर्वणीच्या तारखांना तर हा बेत ठेवूच नका.

मुलाला टेस्टिंगच्या टेबलावर तासभर बसवू नका, तुमच्यातल्या एकाने त्याला बागेत फिरवा, मग अदलाबदल करा. आणि हौस म्हणून सुद्धा त्याला "एक घोट बघ" करू नका, कृपा करून.

आम्ही तिघी मैत्रिणी, ठाण्याच्या, गाडी नाही, ट्रेनने जायचंय. जमेल का? आणि तिघीच आहोत तर सेफ आहे ना? – एक वाचक, ठाणे

छान जमेल. सकाळी सीएसएमटीहून शिर्डीला जाणारी वंदे भारत ठाण्याला थांबते, नऊच्या आसपास नाशिकरोड, आणि संध्याकाळी तीच परत येते. शुक्रवारी ऑफिस करून निघायचं तर पंचवटी एक्सप्रेस आहे, पण ती नाशिककरांच्या सोयीची गाडी, मुंबईला सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते, त्यामुळे जाताना तुमच्या उपयोगाची, येताना नाही. तिकीट आधी काढा, हिवाळ्यातले शनिवार-रविवार भरलेले असतात.

नाशिकरोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरकडच्या वायनरी दुसऱ्या टोकाला, पाऊण-एक तास धरा. ॲपवरची कॅब जाताना मिळते, खरी अडचण परत येताना होते, अंधार पडल्यावर तिकडे गाडी मिळायला वेळ लागतो आणि मग रस्त्यावर उभं राहायचं. त्यामुळे हॉटेलला सांगून दिवसभराची गाडी ठरवा, ड्रायव्हरचा नंबर तिघींकडे असू द्या. किंवा सरळ वायनरीच्याच आवारात किंवा जवळ राहा, महाग पडतं पण परतीचा प्रश्नच राहत नाही. वायनरींमध्ये बायकांचे ग्रुप भरपूर येतात, कोणी वळूनही बघत नाही. आपापली काळजी तीच जी कुठेही घेतो: खाऊन जा, पाणी पीत राहा, तिघींनी एकमेकींकडे लक्ष ठेवा आणि अनोळखी माणसाने "मी सोडतो" म्हटलं तर नको म्हणा. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, बिअरच्या दुपटीहून जास्त, गोडसर लागते म्हणून ती हलकी नसते.

आम्ही मूळचे धुळ्याचे, आता सुरतला असतो. सापुतारामार्गे नाशिकला येणार. परतताना चारपाच बाटल्या आणल्या तर? – एक वाचक, सुरत

आणू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, वाईन त्यातच आली, सीलबंद असो की पावती असो. सापुताऱ्याला हद्दीवर गाडी तपासतात आणि तो गुन्हा साधा नाही. इथं या, इथं प्या, बाटलीची हौस नाशिकच्या मुक्कामातच भागवा. जाताना कोंडाजीचा चिवडा आणि मनुके न्या.

सगळे नाशिक नाशिक करतात, आमच्या सोलापूर जिल्ह्यातही वायनरी आहे की! पुणे-सोलापूरकडच्यांनी नाशिकलाच का जावं? – एक वाचक, पंढरपूर

अगदी बरोबर बोललात. अकलूजची फ्रातेली, मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून उभी केलेली, त्यांच्या सेत्ते या लाल वाईनचं नाव देशभर घेतात. पुण्याहून अंतर नाशिकएवढंच किंवा कमी आणि गर्दी तर नाहीच, राहण्याचं आधी ठरवून जावं लागतं एवढंच. आणि वाईन महाराष्ट्रात आली ती नाशिकमधून नाही हेही खरं, १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेज कंपनीने स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन केली, परदेशात ती ओमर खय्याम नावाने विकली जायची. नाशिकला पुढे जोर आला तो २००१ च्या राज्य सरकारच्या धोरणामुळे आणि एका भागात इतक्या वायनरी झाल्यामुळे. ज्याला दोन दिवसांत वेगवेगळ्या वायनरी बघायच्यात त्याने नाशिक, ज्याला एकच नीट बघायचीये त्याने अकलूज. नाशिकला याल तर हिवाळ्यात विंचूर-निफाडकडून नांदूर मध्यमेश्वर करा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा, पहाटे पक्षी आणि दुपारी वायनरी. माझ्या माहेरचं म्हणून नाही, खरंच सुंदर आहे.

वायनरीतून आणलेली बाटली किती दिवस टिकते? आम्ही गेल्या वर्षी आणलेली एक शोकेसमध्ये ठेवलीये, खास दिवसाची वाट बघतोय. – एक वाचक, नागपूर

काढा ती शोकेसमधून आणि उघडा. आपल्याकडच्या बहुतेक वाईन, खास करून पांढऱ्या आणि रोझे, लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात, ठेवून काही त्या चांगल्या होत नाहीत, एकदोन वर्षांत संपवलेल्या बऱ्या. काही मोजक्या लाल, लाकडी पिंपात मुरवलेल्या, त्या चारपाच वर्षं राहतात, पण थंड आणि अंधाऱ्या जागी. नागपूरचा उन्हाळा आणि काचेचं शोकेस, वर ट्यूबलाइट, यात कुठलीच वाईन टिकत नाही. उभी-आडवीचंही विचारतात लोक: बूच असेल तर आडवी म्हणजे बूच वाळत नाही, फिरकीचं झाकण असेल तर कशीही.

येताना गाडीत सुद्धा बाटल्या डिकीत टाकून दुपारी जेवायला थांबू नका, बंद गाडीत तासाभरात वाईन शिजते. टॉवेलमध्ये गुंडाळून पायाशी ठेवा, एसीच्या गारव्यात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये, पांढरी असो की लाल, तीनचार दिवसांत संपवायची. लाल प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. आणि उरलीच तर मटणात घाला, कांदा परतून झाल्यावर अर्धी वाटी, आटू द्या, मग मसाला.